‘पेक्षा’ शिकवणाऱ्या बाई

बाई,

परवा तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "देशकरबाई म्हणजे नागपुरातल्या सर्वोत्तम शिक्षिका." मी मागे सतरंजीवर बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही चष्मा नाकावर खाली ओढून त्यांना विचाराल, "बाकीच्या किती जणी पाहिल्यात हो तुम्ही?"

आम्हाला तुम्ही ‘टॉल’चं ‘टॉलर’ शिकवलंत आणि ‘टॉलेस्ट’ला महिनाभर हात लावू दिला नाहीत. मंदानं पुस्तकाचं पान पुढे उलटून विचारलं होतं, "बाई, हे तिसरं कधी?" तुम्ही म्हणालात, "आधी दोन वस्तू शेजारी ठेवून नीट बघायला शिका. सगळ्यांत वर कोण, हे सांगायची घाई कशाला?"

सभेत मी बोलायला उठले नाही. तुमच्या पुतणीनं दोनदा खूण केली, तरी नाही. मला तुमच्याशी बोलायचं होतं, आणि त्यातलं निम्मं भांडण होतं. ते चारचौघांत कसं काढणार? म्हणून आज, तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाल्यावर, हे लिहिते आहे.

उमरेडकडच्या आमच्या गावातून लग्न होऊन मी नागपुरात आले तेव्हा मॅट्रिकला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा इंग्रजीनं मला पाडलं होतं. साठचं दशक संपत आलं होतं. ह्यांना कचेरीत कोणीतरी सांगितलं, की महाल भागातल्या एका मुलींच्या शाळेत, सकाळची शाळा सुटली की दुपारी दोन तास नापास झालेल्या बायकांसाठी वर्ग भरतो. सासूबाईंनी आधी शाळा कुठं आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "शाळेत जायाचं, शाळेतून घरी यायाचं. मधात कुठं नाही." त्या काळात एवढी मोकळीकही पुष्कळ होती.

आम्ही अकरा जणी. आठवीच्या मुलींच्या बाकांत आमचे गुडघे मावायचे नाहीत. एकीचं बाळ वर्गाबाहेर तिच्या सासूच्या मांडीवर असायचं आणि ते रडलं की ती अर्ध्या वाक्यातून उठून जायची. तुम्ही सायकलवरून यायचात. शाळेच्या फाटकाशी उतरून पदर सारखा करायचात आणि वर्गात शिरता शिरताच शिकवायला सुरुवात करायचात. तुमचं इंग्रजी काही साहेबी नव्हतं. ‘बेटर’मधला ‘ट’ तुम्ही असा ठोकायचात की फळा हलावा. "मला हे ऐकून नाही आलं, वाचून आलंय," असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. "म्हणून कुठं अडतं ते मला माहीत आहे. जिला लहानपणापासून येतं तिला ते कसं सांगता येईल?"

ज्या दिवशी तुम्ही तुलना शिकवायला घेतलीत त्या दिवशी फळ्यावर आधी मराठी वाक्य लिहिलंत. झाड घरापेक्षा उंच आहे. ‘उंच’खाली रेघ मारलीत. म्हणालात, "बघा, आपल्याकडे ‘उंच’ जागचा हलत नाही. सगळं ओझं बिचारा ‘पेक्षा’ उचलतो. इंग्रजीत ‘पेक्षा’चं काम करणारा ‘दॅन’ आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही. ‘टॉल’लाही अंग हलवावं लागतं. ‘टॉलर’ व्हावं लागतं." मी दोनदा नापास झाले होते, पण नेमकं काय चुकतंय ते मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मी मराठीतलं न हलणारं विशेषण घेऊन परीक्षेला बसत होते.

मग लांब शब्दांचं आलं. लांब शब्दाला शेपूट लावायचं नाही, त्याच्या पुढे ‘मोअर’ चालवायचा. पण शब्द लांब की आखूड हे कसं ओळखायचं? तुम्ही आम्हाला हनुवटीखाली तळहात धरायला सांगितलात. शब्द म्हणायचा आणि हनुवटी किती वेळा हाताला लागते ते मोजायचं. ‘टॉल’ला एकदा. ‘ब्यूटिफुल’ला तीनदा. अकरा बायका हनुवटीखाली हात धरून "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणताहेत, हे पाहून दारातली शाळेची शिपाईणबाई पदर तोंडात घालून हसत सुटली. तुम्ही तिलाही आत बोलावून हात धरायला लावलात.

त्यानंतर तुम्ही प्रत्येकीला एकेक वाक्य करायला सांगितलंत. माझी पाळी आली. माझ्या तोंडून क्षणाचा विचार न करता निघालं : "माय सिस्टर-इन-लॉ इज मोअर फेअरर दॅन मी."

"‘मोअर’ आणि शेपूट दोन्ही लावलंस," तुम्ही म्हणालात. "एकाच पायात दोन चपला घालतेस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग तुम्ही माझ्या बाकाजवळ आलात आणि हळू आवाजात विचारलंत, "हे वाक्य कुठून आलं गं?"

मी म्हटलं, "घरी रोजच आयकते ना, बाई. मोठी सून गोरी, लहानी काळी."

तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आले नसते. तुम्ही नुसतं म्हणालात, "उद्या दहा वाक्यं आण. दहाही वाक्यांत तू आणि तुझी जाऊ. रंग सोडून."

बाई, दहा वाक्यं सोपी नव्हती. मी घरात आल्यापासून माझ्या जाऊबाईंकडे, कुसुमताईंकडे, सरळ पाहिलंच नव्हतं. त्या गोऱ्या आहेत यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी त्यांच्याकडे बघत बसले. त्यांच्या लक्षात आलं. "काहून पाहून राहिली वं माझ्याकडे?" मी घाबरत घाबरत खरं ते सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग पिठाचे हात झटकून माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. माई भाकर तुयापेक्षा पातळ होते."

थिनर. एन दोनदा. तुम्ही शिकवलं होतंत ना, छोट्या शब्दाच्या शेवटी एकटं अक्षर असेल तर त्याला सोबत द्यायची, हॉट, हॉटर, बिग, बिगर. मग मी लिहिलं, माझा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा. त्यांनी सांगितलं, त्या माझ्यापेक्षा लवकर उठतात. मी विचारलं, माहेर कोणाचं लांब? त्यांचं. आणि त्या दोन वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. हे मला माहीतच नव्हतं. पाच वाक्यांनंतर आम्ही दोघी वही सोडून बोलत बसलो आणि वरण करपलं. सासूबाई ओरडत आल्या, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून बोलणी खाल्ली.

पुढे पुढे माझ्या अभ्यासाच्या वेळी कुसुमताई भाजी निवडायला घेऊन माझ्याच शेजारी बसायच्या. "मले पण सांग ना वं," म्हणायच्या. त्यांनी स्वतः रचलेलं पहिलं वाक्य होतं, "विमल इज स्लोअर दॅन मी इन द मॉर्निंग." ते मी तुम्हाला दाखवलं, तेव्हा तुम्ही वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "बारावी विद्यार्थिनी." मी ते घरी जाऊन सांगितलं. कुसुमताईंनी पाठ फिरवून डोळे पुसले. एवढं मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात तुम्ही पुस्तकातलं एक वाक्य आम्हाला पेन्सिलीनं खोडायला लावलंत. दोन मुलींचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, की ही मुलगी त्या मुलीपेक्षा गोरी आहे. "परीक्षेत हे विचारतील तर काय लिहायचं ते तुम्हाला येतंच," तुम्ही म्हणालात. "पण माझ्या वर्गात हे वाचायचं नाही." तुम्ही हे कोणासाठी केलंत ते सगळ्यांना कळलं होतं. मी मान खाली घालून ती ओळ दोनदा खोडली.

हिवाळ्याच्या तोंडावर तपासणीला साहेब आले. वर्ग पुढे चालू ठेवायचा की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. त्यांनी पहिल्या बाकावरचं मंदाचं पुस्तक उचललं आणि नेमकं तेच पान उघडलं.

"सरकारी पुस्तकात ही खाडाखोड कोणी केली?"

"मी करायला सांगितली," तुम्ही म्हणालात.

"का?"

"मला ते वाक्य पटलं नाही."

साहेब हसले. वाईट हसले असंही नाही, पोरखेळाला हसावं तसे. मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि बोटानं दाखवत मंदाला आणि मला उभं केलं. मंदा आमच्यात सगळ्यांत गोरी. "हं," साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "कम्पेअर. तू आणि ही. फेअर शब्द वापरून सांग."

बाई, आता जे लिहिते ते तुम्हाला मी तीनदा तोंडावर सांगितलेलं आहे, तरी पुन्हा लिहिते. माझ्याकडे वाक्य तयार होतं. दोन महिने तुमच्याकडे शिकले होते. मी म्हणणार होते, की ती माझ्यापेक्षा गोरी आहे आणि माझं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं आहे. फेअरर आणि बेटर, दोन्ही एकाच वाक्यात, एकही चूक नाही. मी श्वास घेतला होता. तोंड उघडलं होतं.

"विमल, खाली बस," तुम्ही म्हणालात. "मंदा, तू पण."

साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं.

"या वर्गात दारं आहेत, खिडक्या आहेत, साहेब," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "तुमची काठी आहे, माझी छत्री आहे. कशाचीही तुलना विचारा. माझ्या बायका उत्तरं देतील. पण त्यांना उभं करून तोलायचं, हे इथं होणार नाही."

मी खाली बसले. तुमच्याकडे बघत राहिले. माझ्यासाठी असं कोणी कोणापुढे उभं राहिलं नव्हतं, बाई, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. आणि त्याच वेळी माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं होतं. घरी येऊन मी रडले. कुसुमताईंनी विचारलं, काहून रडतेस? मला सांगता येईना.

दिवाळीनंतर वर्ग बंद झाल्याचा कागद आला. तुम्ही म्हणालात, धंतोलीत माझ्या खोलीच्या व्हरांड्यात बसू. आम्ही चौघी आलो. सात जणी आल्या नाहीत. सगळ्यांच्या घरी सासूबाई होत्या, आणि शाळेत जायची परवानगी म्हणजे कोणा बाईच्या घरी जायची परवानगी नव्हे. मला ती मिळाली ती कुसुमताईंमुळे. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "मी नेतो तिले अन् मीच आणतो." आणि उन्हातान्हात माझ्याबरोबर चालत येऊन तुमच्या पायरीवर वाती वळत बसल्या. मंदाला असं कोणी नव्हतं. ती परीक्षेला बसलीच नाही.

मी पास झाले. मग अध्यापनाचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली. पहिल्या दिवशी तुम्हाला भेटायला तुमच्या शाळेत आले, तर तुम्ही पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसला होतात. आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई पहिलीला! पोरांच्या हातात तुरीच्या काड्या दिल्या होत्या आणि कोणती कोणत्यापेक्षा लांब ते मांडून घेत होतात. एक पोर रडत होतं, त्याची काडी सगळ्यांत आखूड निघाली म्हणून. तुम्ही तिच्याहून आखूड काडी मोडून त्याच्यासमोर ठेवलीत. ते गप्प झालं. मी विचारलं, "बाई, तुम्हाला इथं का टाकलं?" तुम्ही म्हणालात, "इथंही तेच शिकवते आहे. बघ ना." मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत तुमच्याहून आठ वर्षांनी धाकट्या बाई बसल्या. तुम्ही निवृत्त होईपर्यंत पहिलीलाच राहिलात. शाळेत पहिलीत आलेलं पोर पहिल्या महिन्यात रडायचं थांबतं ते देशकरबाईंकडे, असं पालक म्हणायचे.

तुम्ही प्रताप नगरला राहायला गेल्यावर मी महिन्यातून एखादा रविवार यायचे. सांगायला माझ्या वर्गातल्या गोष्टी असायच्या, आणि तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एखादी सुधारणा. आणि तीन वेळा आपलं भांडण झालं. तिन्ही वेळा मीच काढलं.

"मी उत्तर देणार होते," मी म्हणायचे. "तुम्ही मला विचारलं नाहीत. तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि सात जणी घरी बसल्या. मंदाचं काय झालं ते तुम्ही कधी विचारलंत?"

तुम्ही ऐकून घ्यायचात आणि "हं" म्हणायचात. एवढंच. फळ्यावर चूक लिहिलेली दिसली तर पाच मिनिटं ती न सोडणाऱ्या बाई, आणि इथं नुसतं हं. मला त्याचाच राग यायचा. शेवटच्या वेळी, उन्हाळ्यात, तुम्ही एक वाक्य जास्त बोललात. "तुझं म्हणणं मला कळलं होतं, विमल. तू म्हणायच्या आधीच." मला वाटलं, झालं, याही बाबतीत बाईंना आधीच सगळं येतं! तुमच्या पुतणीनं चहा आणला होता, तो तसाच ठेवून मी उठले. दोन महिने फिरकले नाही. मग निरोप आला तो तुम्ही गेल्याचा.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर वानखेडेबाबू भेटले. तुमच्या शाळेतले जुने बाबू, आता पार थकले आहेत. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "दुपारच्या वर्गातल्या ना तुम्ही? ज्याच्यापायी बाईंनी माफीपत्र देल्लं होतं?"

मी म्हटलं, "कसलं माफीपत्र?"

"तुमाले माहीतच नाही?" ते पायरीवर टेकले. "मीच टाइप केलं होतं ना. तीन डाव करून घेतलं माह्याकडून, एका स्पेलिंगसाठी. चार चकरा केल्या बाईंनी कचेरीच्या. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या, साहेब बोलवत नव्हते. पत्रात लिहिलं होतं, शिक्षा मले द्या, वर्गाले नका देऊ. मले पहिलीवर टाका पाहिजे तर. ते तेवढं त्यांनी ऐकलं, पहिलीवर टाकलं. वर्ग काही उघडला नाही."

"माफी कशाची मागितली होती?" मी विचारलं.

"तेच तर माह्या ध्यानात राहिलं," वानखेडेबाबू म्हणाले. "म्हणे, माझी विद्यार्थिनी उत्तर देण्यास तयार होती. मी तिला न विचारता तिच्या वतीने नकार दिला, ही शिक्षिका म्हणून माझी चूक झाली. मी म्हटलं, बाई, साहेबाले याच्याशी काय देणंघेणं? बाई म्हणाल्या, मले आहे ना."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"अन् पुस्तकात खोडलं त्याची?"

"त्याची नाही मागितली. साहेबानं सांगून पाठवलं होतं, तेवढी एक ओळ घाला, वर्ग चालू करतो. बाईंनी नाही घातली."

कुसुमताई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या माझ्यामागेच उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. सभेहून परतताना आम्ही रिक्षा केली नाही. बराच रस्ता दोघी चालतच आलो. मग त्या म्हणाल्या, "आता भांडशील कोणाशी वं?"

बाई, ती एक ओळ तुम्ही घालायला हवी होती की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. सकाळी वाटतं, घालायला हवी होती. एक ओळ होती, आणि मंदा परीक्षेला बसली असती. संध्याकाळी माझ्या वर्गात एखादी सावळी मुलगी बाकावरून मान वर करून उत्तर देते, तेव्हा वाटतं, नको, बरं झालं. तुम्ही असतात तर हे पुढच्या रविवारी तुमच्यापुढे टाकलं असतं, आणि या खेपेला तुम्हाला बोलावंच लागलं असतं.

पण एक गोष्ट मला आता नीट दिसते. इतकी वर्षं मी समजत होते, की त्या सात जणींची बाजू मी एकटी मांडते आहे. तुम्ही समोर बसून ऐकत होतात, ती तुमचीही बाजू होती, आणि तुम्ही मला ती शेवटपर्यंत मांडू दिलीत.

तुमची,
विमल